तळपायावरचा काळा डाग : पेडणे-डिचोलीच्या बाजूने पाहिलेला त्वचापरीक्षेचा इतिहास

त्वचेला रंग देणाऱ्या ज्या पेशी शरीरभर विखुरलेल्या असतात त्यांना वैद्यकात रंजकपेशी म्हणतात. या पेशी एखाद्या जागी गोळा होऊन तिथेच स्थिरावल्या की तीळ उमटतो, आणि त्याच पेशींची वाढ शरीराच्या नियंत्रणातून सुटली की मेलानोमा नावाचा कर्करोग जडतो, जो त्वचेत खोल उतरल्यावर रसवाहिन्यांतून व रक्तातून काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींपर्यंत आणि पुढे फुप्फुस, यकृत व मेंदू यांपर्यंत पोहोचतो. दोहोंचा उगम एकाच जातीच्या पेशींत असल्यामुळे आरंभीच्या अवस्थेत त्यांचे रूपही जवळजवळ एकच असते. अंगावरच्या अनेक निरुपद्रवी तिळांतून तो एक घातक डाग वेळीच कसा वेगळा काढावा, हा प्रश्न त्यामुळे गेली दोनशे वर्षे शल्यचिकित्सकांना, विकृतिशास्त्रज्ञांना आणि त्वचारोगतज्ज्ञांना छळत आला आहे. या प्रश्नाचा इतिहास बहुधा लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क या शहरांच्या आधारे सांगितला जातो, आणि तसा तो सांगण्यात काही चूक नाही. परंतु गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या बाजूने पाहिले असता त्याच इतिहासाचा एक उपेक्षित भाग नजरेस येतो, ज्यात गोऱ्या पाठीवरच्या तिळाहून सावळ्या तळपायावरचा डाग महत्त्वाचा ठरतो आणि जे दुखत नाही त्यात भय नाही ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत सर्वांत मोठा अडथळा ठरते.

हे दोन्ही तालुके गोव्याच्या 'नव्या काबिजादी'त मोडतात. डिचोली आणि सत्तरी हे महाल १७८१-८२ मध्ये, तर पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. त्यामुळे तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या प्रदेशांत पोर्तुगीज वैद्यकाची जी मुळे सोळाव्या शतकापासून रुजली होती, ती इकडे फार उशिरा आणि फार विरळ पोहोचली. येथील माणसाच्या अंगावरचा डाग प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेस पडे आणि मग वैद्याच्या. आणि वैद्याच्या हाती जे ज्ञान होते त्याची परंपरा थेट संहिताग्रंथांपर्यंत जाते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा जो अध्याय आहे, त्यात त्वचेवरील डागांचे वर्गीकरण लक्षणीय बारकाईने केलेले आढळते. तिळाएवढा, काळा आणि त्वचेच्या पातळीतच असणारा तो तिलकालक. उडदासारखा काळा, टणक आणि उंचावलेला तो मशक, म्हणजे आजचा मस. जन्मापासूनच असणारा, गुळगुळीत आणि किंचित उंच तो जतुमणी, म्हणजे लासे. आणि लहान-मोठा, काळसर किंवा फिकट पसरट डाग तो न्यच्छ. रूप, उंची, आकार आणि जन्मकाळ या चार कसोट्यांवर डाग निरखण्याची ही रीत आजच्या त्वचापरीक्षेलाही परकी वाटू नये इतकी नेमकी आहे. मात्र या सर्व प्रकारांना जोडणारे एक समान लक्षण तिथे पुनःपुन्हा सांगितले आहे, आणि ते म्हणजे वेदनेचा अभाव. जीवघेण्या गाठींचा विचार त्याच ग्रंथात अर्बुद या स्वतंत्र प्रकरणात येतो, जिथे एका अर्बुदाच्या जागी किंवा त्याच्या शेजारी दुसरे उठते हेही नोंदलेले आहे. पण निरुपद्रवी डागाचे पुढे अर्बुदात रूपांतर होऊ शकते, किंवा जो डाग तिळासारखा दिसतो तो मुळातच अर्बुद असू शकतो, असा दुवा त्या दोन प्रकरणांमध्ये जोडला गेला नाही. हा दोष ग्रंथकाराचा मानण्याचे कारण नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या आधी तो दुवा जगात कोणालाच जोडता आला नव्हता. परंतु न दुखणारा डाग हा क्षुद्र, म्हणजे किरकोळ, ही धारणा या मांडणीतून व्यवहारात उतरली आणि ती ग्रंथापेक्षा दीर्घायुषी ठरली. चामखीळ घोड्याच्या केसाने करकचून बांधणे, मसावर चुना आणि पापडखार लावून तो जाळणे हे उपाय कोकणात आणि गोव्यात चालत आले ते याच विश्वासावर की डाग गेला म्हणजे विषय संपला.

न दुखणाऱ्या डागाचे भय खऱ्या अर्थाने शिकवले ते कुष्ठरोगाने, आणि या शिक्षणाच्या इतिहासात पेडणे तालुक्याचे नाव ठळकपणे येते. रामकृष्ण विठ्ठल लाड, ज्यांना महाराष्ट्र डॉ. भाऊ दाजी या नावाने ओळखतो, त्यांचा जन्म पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे झाला. जन्मवर्ष काही चरित्रकार १८२२ तर काही १८२४ देतात. लहानपणीच वडिलांबरोबर मुंबईस गेलेला हा मुलगा एल्फिन्स्टन विद्यालयात शिकला, तिथेच काही काळ शिक्षक झाला, कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील निबंधासाठी त्याने पारितोषिक मिळवले, आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा तो त्याच्या पहिल्या तुकडीत दाखल झाला. १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या त्या पहिल्या भारतीय डॉक्टरांपैकी भाऊ एक होते. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते, शिलालेखांचे आणि नाण्यांचे अभ्यासक होते, १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते, आणि पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. संस्कृत ग्रंथ मुळातून वाचणारा आणि त्याच वेळी पाश्चात्त्य वैद्यकात रीतसर शिकलेला असा हा डॉक्टर कुष्ठरोगाकडे वळला, यात नवल नव्हते.

त्या काळी कुष्ठाचे दोन प्रकार लोकांना ठाऊक होते. ज्यात कातडीवर गाठी येऊन जखमा होतात ती रक्तपिती, आणि ज्यात फिकट चट्टा उमटून तेवढ्या जागेची संवेदना नाहीशी होते ती सुनबहिरी. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला काहीच त्रास नसतो, किंबहुना त्रास न होणे हेच रोगाचे चिन्ह असते. म्हणून परीक्षकाला संपूर्ण अंग उघडे करून, भरपूर उजेडात, प्रत्येक चट्ट्याची कड पाहावी लागते, रुग्णाचे डोळे मिटवून हलका स्पर्श व टोचणी कळते की नाही हे विचारावे लागते, आणि कोपराजवळची व मानेतली नस जाड झाली आहे का हे बोटांनी चाचपावे लागते. भाऊ ज्या मुंबईत काम करीत होते तिथेच हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा शरीररचनाशास्त्रज्ञ १८५८ पासून होता. 'ग्रेज अॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारा हात याचाच होता, आणि मुंबईत आल्यावर त्याच हाताने त्याने कुष्ठाचे चट्टे व जाड झालेल्या नसा रेखाटल्या. कुष्ठावरील त्याचा मोठा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेवरच्या डागाकडे शिस्तीने, टप्प्याटप्प्याने, नोंद करीत पाहण्याची सवय पश्चिम भारतात या दशकांत घडली, आणि ती घडवणाऱ्यांत मांद्र्याच्या या डॉक्टराचा वाटा होता, हे निःसंकोचपणे म्हणता येते.

भाऊंनी कुष्ठावर जे औषध वापरले त्याचे रहस्य त्यांनी प्रयोग पूर्ण होईपर्यंत उघड केले नाही, यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ च्या मे महिन्यात, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, ते वारले आणि संशोधनाची सविस्तर प्रसिद्धी राहून गेली. त्यांच्या औषधाचा आधार कडू कवठीच्या बियांचे तेल होता असे पुढे वनौषधींच्या अभ्यासकांनी नोंदवले. गोव्यात खष्टेल म्हणून ओळखले जाणारे हे झाड सह्याद्रीच्या उतारांवर, ओहोळांच्या काठी वाढते, त्याच्या फळाने मासे गुंगवून पकडत आणि त्याचे तेल कातडीच्या विकारांवर लावीत. म्हणजे ज्या द्रव्यावर मुंबईत प्रयोग चालले ते भाऊंच्या जन्मभूमीतील जंगलांना अनोळखी नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गंधकयुक्त सल्फोन औषधे येईपर्यंत, याच कुळातील तेले जगभर कुष्ठरोगावरचे मुख्य औषध होती.

खुद्द गोव्यात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण १८४२ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय-शल्य विद्यालयातून मिळू लागले होते. येथून शिकलेल्या डॉक्टरांपैकी अनेक जण आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत नोकरीला गेले, आणि नव्या काबिजादीतील गावांच्या वाट्याला त्यांच्यापैकी थोडेच आले. या विद्यालयाची धुरा पुढे सांभाळणारे बाणावलीचे डॉ. फ्रोइलानो दे मेलो यांनी १९३४ मध्ये साष्टीतील माकाझन येथे कुष्ठधाम उभे केले. गोव्याच्या आरोग्यव्यवस्थेची त्वचेवरची नजर अशा रीतीने कुष्ठाभोवती घडली, आणि तिला ते भूषणच आहे. पण या नजरेची एक मर्यादा होती: ती फिकट चट्टा शोधायला शिकली होती, काळा डाग तिच्या अभ्यासक्रमात नव्हता.

काळ्या डागाचा अभ्यास युरोपात वेगळ्या वाटेने पुढे सरकत होता. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७८७ मध्ये एका पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जबड्याजवळची पुन्हा उद्भवलेली काळी गाठ कापून काढली आणि ती जतन करून ठेवली. ती मेलानोमाची होती हे सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित व्हायला १९६८ साल उजाडले. पॅरिसमध्ये रने लाएनेक याने, जो पुढे स्टेथोस्कोपचा जनक म्हणून गाजला, १८०४ मध्ये या रोगाला स्वतंत्र रोग म्हणून मांडले आणि फुप्फुसात सापडणारे काळे साठे हे काजळीचे किंवा कोळशाचे नसून रोगाचेच असू शकतात हे दाखवले. इंग्लंडमधील स्टूरब्रिज गावचे साधे वैद्यकव्यावसायिक विल्यम नॉरिस यांनी १८२० मध्ये एका रुग्णाची जी हकीकत प्रसिद्ध केली तिचे मोल याहूनही अधिक आहे, कारण त्यांनी पाहिले की रोग तिळातूनच सुरू झाला, रुग्णाच्या अंगावर इतरही पुष्कळ तीळ होते, आणि त्याचे वडील अशाच रोगाने गेले होते. तीळ आणि कर्करोग यांच्यातील जो दुवा शतकानुशतके सुटला होता, तो एका लहान गावातल्या डॉक्टराने रुग्णाला नीट प्रश्न विचारून जोडला. मेलानोमा हे नाव रॉबर्ट कार्सवेल यांनी १८३८ मध्ये रूढ केले, आणि सॅम्युअल कूपर यांनी १८४० मध्ये स्पष्टपणे लिहिले की पसरलेल्या रोगावर उपाय नाही, बचावाची संधी आहे ती गाठ लवकर काढून टाकण्यात. त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ या विधानात फारसा बदल करावा लागला नाही. रोग लवकर ओळखणे हाच उपचाराचा मोठा भाग राहिला.

या दोन वाटा, एक कुष्ठाची आणि दुसरी काळ्या डागाची, एका माणसाच्या ठिकाणी येऊन मिळतात. जोनाथन हचिन्सन हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लंडनचे ख्यातनाम शल्यचिकित्सक. त्यांनी १८८६ मध्ये काळ्या नखुरड्याचे वर्णन केले: नखाच्या कडेला आलेली, बरी न होणारी सूज, जी साध्या नखुरड्यासारखी दिसते, कधी कधी काळीही नसते, पण तिच्याभोवती काळसर रंगाची पुसट किनार असते, आणि ती मेलानोमा असते. नखाखालचा रंग नखाबाहेरच्या कातडीवर पसरणे या लक्षणाला आजही हचिन्सन यांचेच नाव आहे. हेच हचिन्सन म्हातारपणी एका ठाम समजुतीने भारतात आले, ती ही की कुष्ठरोग नीट न टिकवलेले मासे खाल्ल्याने होतो. १९०६ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला, तोवर नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी कुष्ठाचा जंतू दाखवून तीस वर्षे उलटली होती. ज्या गोव्यात घरोघरी रोजच्या जेवणात मासळी असते आणि पावसाळ्यासाठी खारे व सुके मासे साठवले जातात, त्या प्रदेशाला हा सिद्धान्त केवढा कलंक लावणारा होता हे सहज ध्यानात येईल. कुष्ठाविषयी पूर्णपणे चुकलेली हीच नजर नखाविषयी मात्र अचूक ठरली, आणि दुर्दैव असे की भारतात त्यांच्या चुकीच्या मताची चर्चा झाली तेवढी काळ्या नखुरड्याची झाली नाही, जे या देशातील लोकांना अधिक उपयोगी पडले असते.

अधिक उपयोगी म्हणण्याचे कारण असे की मेलानोमा सर्व वर्णांच्या लोकांना सारख्या ठिकाणी होत नाही. गोऱ्या लोकांत तो पाठ, पाय, चेहरा अशा उन्हात भाजणाऱ्या भागांवर जास्त दिसतो आणि त्यांच्यात त्याचे प्रमाणही फार मोठे असते. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे तिसाहून अधिक लोकांना तो होतो, तर भारतात लाखामागे एकालाही होत नाही. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते. परंतु तळपाय, तळहात आणि नखांची मुळे यांना होणारा मेलानोमा उन्हावर अवलंबून नसतो. म्हणून सावळ्या लोकांत एकूण रुग्ण थोडे असले तरी त्यांत या जागांचा वाटा मोठा असतो. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ टी. एफ. ह्यूअर यांनी सुदानमधील रुग्णांचा अभ्यास करून १९३५ मध्ये याकडे लक्ष वेधले आणि अनवाणी पायांना होणाऱ्या इजांचा त्यात हात असावा असे सुचवले. मार्टिन ल्यूइस यांनी १९६७ मध्ये युगांडातील तळपायांवरच्या डागांची पाहणी प्रसिद्ध केली. या प्रकाराचे वेगळेपण अमेरिकेचे रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये निश्चित केले. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हा रोग निघाला, जो आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा म्हणून सोडून दिला गेला होता. १९८१ च्या मे महिन्यात, ३६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

पेडणे आणि डिचोली येथील श्रमजीवी माणसाचा पाय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. मृगापासून पुढे चार महिने भाताच्या शेतात गुडघाभर चिखलात उभे राहणारा, कुळागरातल्या पाटाचे पाणी वळवणारा, हरमल-मोरजीच्या वाळूत रापण ओढणारा, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींवर राबणारा हा पाय कधीच स्वच्छ आणि एकरंगी नसतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचेला भेगा पडून त्यांत माती आणि खनिजाची धूळ बसते, दाबाच्या जागी भोवरी धरते, दगड लागून कातडीखाली रक्त साकळते आणि ते काळे दिसते. शिवाय एक जुना रोगही येथे संभवतो, ज्यात काट्याच्या जखमेतून बुरशी शिरून पाऊल सुजते आणि त्यातून काळे कण बाहेर पडतात. त्याला मायसेटोमा हे नाव देणारा आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिणारा संशोधक म्हणजे भाऊ दाजींचा समकालीन असलेला तोच कार्टर. इतक्या निरुपद्रवी किंवा निराळ्या काळेपणांच्या गर्दीत एक घातक काळेपण लपून राहिले, तर तो दोष रुग्णाच्या बेफिकिरीचा म्हणता येणार नाही.

भेद ओळखण्याच्या शास्त्राने खरी झेप घेतली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्या झेपेआधी एका धड्याचा उल्लेख आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या विकृतिशास्त्रज्ञ सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये मुलांच्या अंगावरचे तेरा डाग तपासले, जे सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखे दिसत होते. पण त्या तेरांपैकी एकच मूल दगावले. पुढे असे डाग हा तिळाचाच एक निरुपद्रवी प्रकार ठरला. घातक डाग तीळ समजून सोडण्याइतकीच, साधा तीळ घातक समजून मुलाचा अवयव कापण्याची चूकही शक्य आहे, हे स्पिट्झ यांच्या कामाने जगाला शिकवले. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क यांनी रोग त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरला आहे यावरून त्याचे पाच टप्पे पाडले, आणि १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी त्याहून सोपी गोष्ट केली: काढलेल्या डागाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली. जाडी ०.७६ मिलिमीटरहून कमी असलेल्या त्यांच्या रुग्णांत रोग पसरलेला आढळला नाही. मिलिमीटरच्या पाऊण भागावर जीवन-मरण ठरते हे कळल्यावर डाग सपाट असतानाच, म्हणजे डोळ्यांनीच, ओळखण्याची निकड वाढली.

त्यातून १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रीडमन, रिगेल आणि कॉफ या त्वचारोगतज्ज्ञांनी चार खुणांचा नियम मांडला. डागाच्या मधोमध रेघ कल्पिली असता दोन अर्धे एकमेकांशी न जुळणे, कड दातेरी किंवा पुसट असणे, एकाच डागात तपकिरी, काळा, लालसर, निळसर असे अनेक रंग असणे, आणि व्यास सहा मिलिमीटरहून अधिक असणे, या त्या खुणा होत. २००४ मध्ये त्यांत पाचवी भर पडली ती कालांतराने होणाऱ्या बदलाची. साध्या तिळाचा आयुष्यक्रम याच्या उलट असतो: तो बालपणात वा तारुण्यात सपाट उमटतो, वयाबरोबर हळूहळू उंचावतो, फिका पडतो, कधी म्हातारपणी नाहीसाही होतो, आणि या सर्व काळात त्याचा घाट राखलेला असतो. हा नियम उत्तम आहे यात शंका नाही. पण तो गोऱ्या रुग्णांच्या डागांवरून घडलेला आहे, आणि तळपायाच्या जाड, घासल्या जाणाऱ्या, भेगाळलेल्या कातडीवर तो अपुरा पडतो. तिथला मेलानोमा प्रारंभी पसरट, एकरंगी तपकिरी डागासारखा असू शकतो, आणि काही वेळा त्याला काळा रंगच नसतो, केवळ बरी न होणारी जखम असते. पेडण्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या पर्यटकाला आणि त्याच किनाऱ्यावर होडी ओढणाऱ्या मच्छीमाराला एकच सूचनापत्रक पुरणार नाही. पहिल्याने पाठ पाहावी, दुसऱ्याने तळवा.

तळव्याची ही उणीव भरून काढली ती जपानने. तेथेही बहुसंख्य लोकांची त्वचा गोरी-लाल नसल्यामुळे तळपायाचा मेलानोमा हा तिथल्या तज्ज्ञांचा रोजचा विषय होता. मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाचे तोशिआकी साइदा आणि त्यांचे सहकारी यांनी डर्मोस्कोप या उपकरणाने, म्हणजे दिवा जोडलेल्या आणि कातडीच्या पृष्ठावरची चमक नाहीशी करणाऱ्या भिंगाने, तळव्यावरचे डाग पाहिले. तळव्याची कातडी नांगरलेल्या शेतासारखी असते, तिच्यात समांतर उंचवटे आणि त्यांच्यामधले चर असतात. घामाची छिद्रे उंचवट्यांवर ठिपक्यांच्या ओळींसारखी दिसतात, म्हणून उंचवटा कोणता आणि चर कोणता हे ठरवता येते. साइदा यांना आढळले की साध्या तिळाचा रंग चरांत साठतो आणि मेलानोमाचा रंग उंचवट्यांवर. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उंचवट्यांवरच्या रंगाची ही खूण तळव्याच्या मेलानोमापैकी ८६ टक्क्यांत सापडली, आणि साध्या डागांपैकी ९९ टक्क्यांत ती नव्हती. चीरफाड न करता, बाह्यरुग्ण विभागातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या मिळणारे इतके विश्वसनीय उत्तर या विषयाच्या इतिहासात क्वचितच हाती आले आहे, आणि सावळ्या लोकांच्या दृष्टीने ते दोनशे वर्षांतील सर्वांत मोठे पाऊल मानले पाहिजे.

नखांची गोष्ट थोडी निराळी आहे. सावळ्या लोकांत नखावर उभी तपकिरी रेघ असणे सामान्य आहे, आणि ती अनेक नखांवर, सारख्या रुंदीची, वर्षानुवर्षे तशीच असेल तर काळजीचे कारण नसते. एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, प्रौढ वयात नव्याने आलेली, मुळाशी रुंद होत जाणारी, वेगवेगळ्या छटांची रेघ मात्र संशयास्पद असते, आणि तिचा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरलेला असणे ही हचिन्सन यांनी सांगितलेली खूण होय. साकळलेले रक्त असेल तर ते वाढत्या नखाबरोबर पुढे सरकते आणि काही महिन्यांत निघून जाते. जे पुढे सरकत नाही ते रक्त नव्हे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये पणजीच्या जुन्या विद्यालयाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, आणि पुढे ते बांबोळीला गेले. कुष्ठरोगाच्या आघाडीवर १९५५ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९८० च्या दशकात आलेली बहुऔषधी उपचारपद्धती आणि घरोघरच्या तपासण्या यांमुळे २००५ च्या अखेरीस देशाच्या पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. या दीर्घ मोहिमेने खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवकांना एक अमूल्य कौशल्य दिले आहे: संपूर्ण अंग उजेडात पाहणे, डागाची कड निरखणे, आणि जे दुखत नाही त्यालाच प्रश्न विचारणे. मेलानोमा ओळखायला याच कौशल्याची गरज असते. त्यात भर घालायची ती इतकीच की फिकट चट्ट्याबरोबर काळा डागही पाहावा, आणि पाठ-दंड तपासून न थांबता चप्पल काढायला सांगून, पाय धुऊन, तळवा, टाच, बोटांची बेचकी व वीसही नखे पाहावीत. फोटोग्राफीचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. संशयित डागाचे पट्टी ठेवून काढलेले छायाचित्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढले, तर बदल झाला की नाही याचे उत्तर आठवणीवर अवलंबून राहत नाही. अर्थात डाग स्पष्टपणे संशयास्पद असेल तर वाट न पाहता तो दाखवणेच योग्य.

घरगुती उपायांविषयी मात्र येथे कडकपणे बोलले पाहिजे. चुना-खाराने जाळलेला, केसाने बांधून तोडलेला किंवा तपासणीविना नुसताच भाजून काढलेला काळा डाग हा पुराव्याचा नाश असतो. त्यात रोग असेल तर त्याची जाडी मोजता येत नाही, आणि वरची कातडी बरी दिसत असताना रोग जांघेतल्या गाठींत पोहोचलेला असतो. कोणताही काळा मस किंवा डाग कापला, तर तो संपूर्ण कापावा आणि विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावा, ही अट रुग्णाने स्वतः घालावी. पेडणे आणि डिचोली येथील, तसेच सीमेपलीकडील सावंतवाडी आणि दोडामार्ग येथील प्रत्येक कुटुंबाला हेच सांगणे आहे: चाळिशीनंतर तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नव्याने उमटलेला वा वाढत चाललेला काळा डाग, आणि पायाची महिनाभरात न भरणारी जखम, दुखत नसली तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी.